सोलापूरवरनं जगप्रदक्षिणा, शिडाच्या बोटीनं: रूट बघून सांगा

कंबरतलाव९४
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, लै दिवस वाचतोय इथं पण लिहायलोय पहिल्यांदाच. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, वय ३१. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरच्या पुढं आहे, पण २०१८ मध्ये नौदलाच्या सहा पोरी तारिणी ही शिडाची बोट घेऊन जग फिरून गोव्याला परत आल्या ती बातमी बघितली तेव्हापासून डोक्यात हाच विषय. आम्ही तिघं मित्र आहोत, एक जण सहा वर्षं गोव्यात शिडाच्या बोटींवरच काम करतो, त्याच्या भरवशावर जुनी ३८-४० फुटी बोट घेऊन निघायचं असं ठरलंय. पैशाचं गणित इथं नको, मला रूटचं विचारायचंय कारण ते काम तिघांत माझ्याकडं आलंय.

मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि टाचण्या मारून दोरा फिरवला. मुंबई, एडन, लाल समुद्र, सुएझ, जिब्राल्टर, तिथनं अटलांटिक ओलांडून कॅरिबियन, पनामा, ताहिती, फिजी, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरनं सिंगापूर, श्रीलंका आणि परत मुंबई. साडेबावीस हजार सागरी मैलांच्या आसपास भरतंय. रोजचे १२० मैल धरले तर १८७ दिवस, मधले मुक्काम धरून दिवाळी झाली की निघायचं आणि पुढच्या दिवाळीला घरी, असा माझा हिशोब. हे जमेल का? आणि सगळे मोठे लोक खालनं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नवरनं जातात तर आपण पण तसंच जावं का? अजून एक, पाणी किती न्यायचं? ज्यांना माहितीय त्यांनी चुका दाखवा, वाईट वाटणार नाही.


निवृत्त_खलाशी
सोमवार, सकाळी ७:१०

अरे कंबरतलाव, लई बरं वाटलं वाचून. मी पण विजापूर रोडचाच, ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटची अकरा मास्टर, म्हणजे कप्तान म्हणून. ती सगळी इंजिनाची मोठी जहाजं, शिडावर मी रिटायर झाल्यावरच आलो, दोन सीझन कोचीहून मालदीव केलं. तेवढ्या जोरावर सांगतो.

तू मैल मोजलेस. शिडाच्या बोटीला आधी महिने मोजायचे असतात. आपल्याकडं शाळू कधी पेरायचा हे शेतकरी नक्षत्र बघून ठरवतो, शेत किती एकर आहे ते बघून नाही, तसंच हे. एक साधं बारा महिन्यांचं कॅलेंडर घे आणि कुठल्या समुद्रात कधी असायचंच नाही ते लाल पेननं रंगव. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर बंद, नैर्ऋत्य मान्सून, आणि त्याच्या आगंमागं मे-जूनला आणि ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळं, निसर्ग जून २०२० मध्ये रायगडावर आलं आणि तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला खेटून वर गुजरातला गेलं ते तुझ्या डोळ्यासमोरचं आहे. दक्षिण हिंदी महासागर नोव्हेंबर ते एप्रिल बंद. दक्षिण पॅसिफिक पण नोव्हेंबर ते एप्रिल बंद. कॅरिबियन जून ते नोव्हेंबर, हरिकेन. हे रंगवून जी पांढरी जागा उरते त्यातनं तुझी बोट जाणार. दिवाळी ते दिवाळीत ही जागा जुळत नाही, तुझ्या १८७ दिवसांत वारा आणि हंगाम धरलेलेच नाहीत.

लाल समुद्र आत्ता डोक्यातनं काढ. नोव्हेंबर २०२३ पासून बाब-अल-मंदेबला, म्हणजे त्याच्या खालच्या तोंडाशी, जहाजांवर हल्ले सुरू झाले, मोठमोठ्या कंपन्या जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला लागल्या, तिथं ४० फुटी बोटीनं कशाला जायचं. आणि हल्ले नसते तरी लाल समुद्राच्या वरच्या अर्ध्या भागात वारा जवळजवळ वर्षभर उत्तर-वायव्येचा, म्हणजे सुएझपर्यंत सगळा वारा नाकावर. शिडानं तो भाग म्हणजे रोज थोडं पुढं जायचं आणि कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून वारा पडायची वाट बघायची.

मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. जानेवारीत मुंबई सोडायची, ईशान्य मान्सून बसलेला असतो, किनाऱ्यानं कोची, तिथं मरीना आहे, बोटीचं जे काय बिघडायचं ते या टप्प्यात बिघडू दे म्हणजे दुरुस्ती आपल्या देशात होते. मार्चपर्यंत मालदीव. तिथं विषुववृत्ताजवळ चक्रीवादळाचा धोका फार कमी, म्हणून एप्रिल संपेपर्यंत खुशाल थांबायचं. मे-जूनला दक्षिणेचे आग्नेय व्यापारी वारे बसले की मालदीवच्या खालच्या टोकाच्या अड्डू अटॉलवरनं मॉरिशस, साधारण दीड हजार मैल, वारा डाव्या अंगाला. सेशेल्सवरनं पण लोक जातात पण ती बाजू सोमालियाकडं झुकते, मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलानं रुएन हे जहाज चाच्यांच्या हातातनं सोडवलं, ३५ चाचे शरण आले, म्हणजे तो विषय संपलेला नाही. मॉरिशसच बरं. आपल्याला व्हिसाची कटकट नाही, आणि तिथं एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तू नेमका त्याच दिवसांत तिथं असशील.

ऑक्टोबरात मॉरिशस सोडून मादागास्करच्या खालनं रिचर्ड्स बे किंवा डर्बन. डिसेंबरात केप टाऊन. जानेवारीत सेंट हेलेना, तिथनं ब्राझीलचा कोपरा डावीकडं ठेवून बार्बाडोस किंवा ग्रेनाडा, हे वर्षातलं सगळ्यात आरामाचं सेलिंग, वारा पाठीशी. मार्चमध्ये पनामा. एप्रिल ते ऑक्टोबर पॅसिफिक, नोव्हेंबरला न्यूझीलंडला खाली उतरायचं, वादळी हंगाम तिथं काढायचा. पुढच्या मेमध्ये परत वर, जुलै-ऑगस्टला टोरेस सामुद्रधुनी, डार्विन, इंडोनेशिया, डिसेंबरात लंकावी, जानेवारीत ईशान्य मान्सूनवर बंगालचा उपसागर ओलांडून श्रीलंका, फेब्रुवारीत कोची. मुंबई ते मुंबई तीन वर्षं आणि वर एक-दोन महिने. याच्यापेक्षा कमीत कर असं मी सांगणार नाही.


भूगोल_शिकवते
सोमवार, दुपारी ३:०५

कॅप्टन काकांनी फार नीट सांगितलंय, मी फक्त त्यामागचं कारण जोडते कारण कारण कळलं की कंबरतलावला पुढचे बदल स्वतः करता येतील. मी पंढरपूरजवळ हायस्कूलला भूगोल शिकवते. शाळेच्या पुस्तकात आपण व्यापारी वारे शिकतो, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांपर्यंत ते पूर्वेकडनं पश्चिमेकडं वाहतात, आणि ४० अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमी वारे, ज्यांना आपण गरजणारे चाळीस म्हणतो, तिथं मध्ये जमीन फारच थोडी म्हणून अडवायला जवळजवळ काही नाही. म्हणजे जगाला फेरी घालायचे दोनच सरळ मार्ग: उष्ण पट्ट्यातनं पश्चिमेकडं जा नाहीतर गरजणाऱ्या चाळीसमधनं पूर्वेकडं जा. बाकी सगळं या दोघांच्या मधलं जोडकाम.

आता नकाशाबद्दल. दोरा लावायला भिंतीवरचा नकाशा वापरू नका, पायलट चार्ट वापरा. अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट मिळतात, प्रत्येक महासागराचे, प्रत्येक महिन्याचे वेगळे. त्यात पाच-पाच अंशांच्या चौकोनात एक गोल असतो, त्याला बाण, बाण जेवढा लांब तेवढा त्या दिशेचा वारा जास्त वेळा, बाणाच्या पिसांवरनं वाऱ्याचा जोर, आणि गोलाच्या मधला आकडा म्हणजे शंभरातनं किती वेळा वाराच नसतो. शिवाय प्रवाह, लाटा, वादळांचे जुने मार्ग. तुम्ही एक करा, हिंदी महासागराचा फेब्रुवारीचा आणि जूनचा चार्ट शेजारी शेजारी ठेवा आणि मालदीवच्या खालचे चौकोन बघा. फेब्रुवारीत तिथं पश्चिमेचा अर्धामुर्धा वारा दिसेल आणि जूनमध्ये आग्नेयेचे लांब बाण थेट विषुववृत्तापर्यंत वर आलेले. काकांनी एप्रिल संपेपर्यंत थांबायला का सांगितलं ते त्या दोन कागदांत दिसतं. मी नववीच्या मुलांकडनं हे करून घेतलं होतं, एका मुलीनं विचारलं की बाई मग जहाजं गावाकडं परत यायची कधी, आणि तिथनं पूर्ण तासभर वर्ग मान्सूनवर बोलत होता.

पायलट चार्ट म्हणजे अनेक वर्षांची सरासरी हे मात्र लक्षात ठेवा. प्रत्यक्ष निघताना रोजचा अंदाज वेगळा बघावाच लागतो.

आणि एक गंमत वाटेल अशी खरी गोष्ट, तुम्ही पश्चिमेकडं जाणार म्हणून. मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया जहाज एल्कानोनं १५२२ मध्ये परत आणलं, तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. वही कुणी चुकीची लिहिली नव्हती, सूर्याच्या मागं मागं फेरी घातली की एक दिवस कमी मोजला जातो. तुमचा तो दिवस पॅसिफिकमध्ये वाररेषेवर जाईल.


दक्षिणवारा
सोमवार, रात्री ९:५०

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. तीन वर्षं नोकरी सोडून कोण राहतंय? नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ला म्हादेई बोटीनं मुंबईतनं निघाले, एकटे, चार ठिकाणी थांबून मे २०१० ला परत. नौदलाचेच अभिलाष टॉमी त्याच बोटीनं १ नोव्हेंबर २०१२ ला निघून ३१ मार्च २०१३ ला परत आले, कुठंही न थांबता. तारिणी २५४ दिवस. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन आणि बिघाडामुळं मॉरिशस, पाच मुक्काम आणि घरी. हा मार्ग आपल्या लोकांनी सिद्ध केलेला आहे, म्हादेई तर गोव्यातच बांधली. मग आपणच का घाबरायचं?


निवृत्त_खलाशी
सोमवार, रात्री १०:३५

दक्षिणवारा, तुझा मुद्दा बरोबर आहे, तो मार्ग सगळ्यात कमी दिवसांचा आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण तो मार्ग बोट आणि माणसं ठरवतात. म्हादेई आणि तारिणी ५६ फुटी, त्याच कामासाठी बांधलेल्या, मागं नौदल उभं, आणि त्या पोरींनी निघायच्या आधी म्हादेईवर आणि मग तारिणीवर भरपूर सराव केला, मॉरिशस आणि केप टाऊनपर्यंत जाऊन आल्या. तारिणी हॉर्नला जानेवारीत पोचली, म्हणजे दक्षिणेच्या भर उन्हाळ्यात, तरी थंडी आणि लाटा काय होत्या ते त्यांच्या मुलाखतीत ऐक. हॉर्न ५६ अंशांवर आहे. आणि टॉमीसारखा माणूस, दुसऱ्या वेळी २०१८ च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला मार बसला, फ्रेंच जहाज पोचेपर्यंत दिवस गेले. तोच माणूस पुढं २०२३ ला तीच शर्यत दुसऱ्या नंबरानं पूर्ण करतो हे वेगळं, ती त्याची जिद्द. पण जुनी ४० फुटी बोट आणि तिघांतला एकच अनुभवी, याला मी खाली चाळीसमध्ये पाठवणार नाही. माझा स्वतःचा मुलगा असता तरी हेच बोललो असतो.


सातरस्ता_घरचं
मंगळवार, सकाळी ११:२०

रूटमधलं मला कळत नाही पण पाण्याचं कळतं, सोलापुरात संसार केलाय २२ वर्षं, चार-चार पाच-पाच दिवसांनी नळ येतो. भाऊ, तुमचा सगळ्यात लांब टप्पा किती दिवसांचा ते आधी सांगा, हिशोब त्याच्यावर. आणि कितीही पाणी न्या पण एका टाकीत नेऊ नका. आमच्याकडं एकदा खालच्या टाकीत गटारीचं पाणी शिरलं, वरची दोन बॅरल वेगळी झाकून ठेवलेली होती म्हणून पाच दिवस निघाले.

खायला कडक भाकरी न्या, मी मनापासून सांगते. ज्वारीची, पातळ थापून तव्यावर आणि मग आरावर पार कोरडी केलेली, महिनाभर काय होत नाही, चुरून दूध-ताकात नाहीतर आमटीत. फक्त दमट हवेत ती मऊ पडते आणि मग बुरशी धरते, तर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, दहा-दहाचे थर, एका वेळी एकच डबा उघडायचा. शेंगाची चटणी लागली तर मी करून देते, खरंच सांगायलेय, निघायच्या आधी कळवा.


कंबरतलाव९४
मंगळवार, रात्री ११:५५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, दोन दिवस झोप नाही नीट. लाल पेनचं कॅलेंडर केलं आणि पायलट चार्ट पण उतरवून घेतले, ताईंनी सांगितलेले फेब्रुवारी आणि जून शेजारी ठेवले आणि अंगावर काटा आला, दोन वेगळे समुद्र असल्यासारखं दिसतंय. जुना दोरा काढून टाकला. काकांच्या रूटनं नवीन लावला.

ताई, सगळ्यात लांब टप्पा सेंट हेलेना ते बार्बाडोस, साधारण तीन हजार सातशे मैल. १२० नं ३१ दिवस. पण मी ४२ धरले, कारण वारा पडला तर. तिघं, माणशी रोज ४ लिटर, ५०४ लिटर होतंय. तुमचं वाचून आता तीन वेगळ्या टाक्या आणि वर सुटे कॅन असं लिहिलंय, खारं पाणी गोडं करायचं मशिन घेतलं तरी त्याच्यावर हिशोब टाकणार नाही. चटणीसाठी नक्की फोन करणार.

आता मला भीती एकाच टप्प्याची वाटायलीय, डर्बन ते केप टाऊन. चार्टवर तिथं प्रवाहाचे बाण खाली जातायत आणि प्रवाह तर आपल्याच दिशेचा आहे, मग सगळे तिथं एवढं जपून का बोलतात?


बॅरोमीटर
बुधवार, पहाटे ५:४५

हा टप्पा मी एकदा केलाय, दुसऱ्याची बोट पोचवायला क्रू म्हणून, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

प्रवाह तुमच्या बाजूचा आहे हेच सांभाळायचं. अगुल्हास प्रवाह, हिंदी महासागराचं गरम पाणी आफ्रिकेच्या किनाऱ्यानं नैर्ऋत्येला ओढत नेतो, काही ठिकाणी चार-पाच नॉटचा (तासाला तेवढे सागरी मैल), आणि त्याचा सगळ्यात जोर २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आसपास. ईशान्येचा वारा असला की बोट पळते, आमच्या बोटीनं एका दिवसात १९० मैल काढले. पण तिथं दर थोड्या दिवसांनी नैर्ऋत्येकडनं थंड वारा येतो, जोरात. वारा एकीकडनं, प्रवाह त्याच्या तोंडावर, मग लाट लांब राहत नाही, ती आखूड आणि उभी होते आणि तिच्यापुढं खड्डा पडतो. मोठी मोठी जहाजं तिथं वाकलीत.

डर्बन सोडलं की ईस्ट लंडनपर्यंत अडीचशे मैल शिरायला बंदर नाही. म्हणून तिथले लोक काय करतात, डर्बनच्या धक्क्यावर बसून राहतात. नैर्ऋत्येचा वारा येऊन जाऊ द्यायचा, बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) वर चढतो, चढून थांबला आणि वारा मरायला लागला की त्याच्या शेपटावर निघायचं, म्हणजे पुढचा यायच्या आत ईस्ट लंडन गाठता येतं. वाटेत बॅरोमीटर पडायला लागला तर प्रवाहाचा मोह सोडून किनाऱ्याकडं आत सरकायचं, उथळ पाण्यात लाट तेवढी उभी राहत नाही. आम्ही नऊ दिवस बसून होतो डर्बनला. सहाव्या दिवशी माझाच धीर सुटला होता, आकाश निळं, वारा छान, मी म्हणालो निघू की. कप्तान म्हातारा, त्यानं फक्त बॅरोमीटरकडं बोट केलं. त्याच रात्री साडेअकराला वारा फिरला आणि बंदरातसुद्धा बोटी एकमेकींवर आदळायला लागल्या. तर तुमच्या कॅलेंडरमध्ये डर्बन ते केप टाऊनला एक महिना लिहा, अंतर ८०० मैलच आहे म्हणून आठवडा लिहू नका.


निवृत्त_खलाशी
बुधवार, सकाळी ८:००

बॅरोमीटर, फार छान लिहिलंस. कंबरतलाव, हे छापून ठेव.

राहिलेलं पटकन सांगतो. आपल्या पासपोर्टला मालदीव, मॉरिशस, बार्बाडोस, ग्रेनाडा, फिजी सोपे, पण दक्षिण आफ्रिका, ताहितीकडची फ्रेंच बेटं, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया यांना आधी व्हिसा लागतो, तीन वर्षं आधी काढून ठेवता येत नाही म्हणून कुठला कुठल्या बंदरात बसून काढायचा हे रूटमध्येच लिही. पनामात लहान बोटीला सुकाणूवरचा सोडून चार माणसं दोर धरायला लागतात, तुम्ही तिघंच, म्हणजे दोन माणसं तिथं शोधायची, दुसऱ्या बोटीवरची येतात, तुम्ही त्यांच्या बोटीला जायचं. समुद्रापासनं २६ मीटर वर गटून तलावात बोट लॉकमधनं, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या हौदांतनं चढते, तिथं दोर ढिला पडला तर बोट भिंतीवर. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात शिरताना बोटीचा तळ स्वच्छ पाहिजे आणि धान्य, बिया, शेंगा, दुधाचं काढून घेतात, सातरस्ता ताईंची चटणी फिजीपर्यंत संपव.


कंबरतलाव९४
बुधवार, रात्री १०:१५

लिहून घेतलं सगळं. डर्बनला महिना टाकला आणि त्यामुळं मॉरिशस सोडायची तारीख अलीकडं ओढावी लागली, एक टाचणी हलवली की पुढच्या सगळ्या हलतात हे आज कळालं. निघायचं जानेवारी २०२८, संक्रांतीला नंदीध्वज बघून गड्ड्याच्या यात्रेतच आई-बापूंना सांगायचं असं होतं, पण आईनं कॅलेंडर बघितलंच आज. रागावली नाही. मॉरिशस कुठलं ते विचारलं आणि टाचणीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती.

या डिसेंबरात दहा दिवसांची रजा टाकलीय, मुंबईला सेलिंगचा पहिला कोर्स. एकच विचारायचं राहिलं: मॉरिशसहून निघायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा बरा की ऑक्टोबरचा मधला? सप्टेंबरच्या चार्टवर मादागास्करच्या खाली वादळी वाऱ्याचे टक्के जास्त दिसायलेत आणि ऑक्टोबरात कमी, पण मग डर्बनला थांबायला दिवस कमी पडतात. बॅरोमीटर दादा, तुम्ही कुठल्या महिन्यात होता तिथं?